दुसऱ्या सहीची ओळ

मुलगा यूजीन कागद घेऊन येणार हे लिओकाडियाला गुरुवारीच कळलं होतं आणि आयरीनला शुक्रवारी. त्यामुळे ईस्टरच्या सकाळी दोघी मायलेकी स्वयंपाकघरात उभ्या होत्या तेव्हा त्यांचं सगळं ठरून झालं होतं. जेवण होईपर्यंत विषय निघू द्यायचा नाही. निघालाच तर नाही म्हणायचं, आणि दोघींनी एकदम म्हणायचं.

लिओकाडिया बीट किसत होती. मनगटापर्यंत हात लाल झाले होते. किसता किसता ती म्हणाली, "तुझे बाबा काही बोलणार नाहीत. आयुष्यात कधी बोलले नाहीत, आज काय बोलणार. पण तू गप्प बसू नकोस."

"मी कशाला गप्प बसेन?" आयरीन म्हणाली.

तिने अंडी सोलून ठेवली, आदल्या दिवशी चर्चमधून पवित्र करून आणलेल्या टोपलीतलं सॉसेज आणि मीठ काढलं, आणि हात धुवायला बेसिनशी गेली. बेसिनखालचं दार नीट लागत नव्हतं, कारण आत डेलाब्राइटचे साबणाचे डबे ठासून भरले होते. तिने ते गुडघ्याने दाबून लावलं.

असे डबे आता टोलीडो शहरातल्या त्यांच्या सगळ्या नातलगांच्या घरी होते. पावणेदोन वर्षांपूर्वी यूजीनने विमा कंपनीतली अकरा वर्षांची नोकरी सोडली आणि डेलाब्राइट कंपनी धरली. साबण, फरशीचं मेण, व्हिटॅमिनच्या गोळ्या. पण साबण विकणं ही नुसती सुरुवात होती. खरं काम होतं ते साबण विकणारी माणसं जमवण्याचं. तुम्ही ज्याला आत आणाल त्याच्या खरेदीतला वाटा तुम्हाला, त्याने ज्याला आणलं त्याच्यातलाही थोडा तुम्हाला, आणि असंच खाली खाली. यूजीनने आधी मेव्हण्याला आणलं, मग दोन चुलतभावांना, न्हाव्याला, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाईला. आईबापांनाही आणलं. बर्नार्ड ग्रालाकने पस्तीस वर्षं गिअरच्या कारखान्यात काढून निवृत्ती घेतली होती. मुलाने पुढे केलेल्या अर्जावर त्याने एका शब्दानेही न विचारता सही केली होती, आणि तेव्हापासून घरात जीवनसत्त्वांचा तोटा नव्हता.

साडेअकराला बाहेर हॉर्न वाजला. लिओकाडियाने खिडकीतून पाहिलं. लांबलचक पांढरी गाडी दारात उभी होती आणि समोरच्या व्हरांड्यातले झिलिन्स्की नवराबायको खुर्च्यांवरून उठून बघत होते. तिला अभिमानही वाटला आणि भीतीही. पोर चांगलं दिसत होतं. ते नाकारण्यात अर्थ नव्हता.

यूजीनने आत येऊन आईला जवळ घेतलं, बापाच्या खांद्यावर थाप मारली. कोटाच्या कॉलरवर कंपनीचा सोनेरी बिल्ला होता. त्याची दोन्ही मुलं त्याला ओलांडून आयरीनच्या मुलीबरोबर मागच्या अंगणात रंगीत अंडी शोधायला पळाली. मागून त्याची बायको मार्लीन आली. तिच्या अंगावर पिस्ता रंगाचा नवा कोट होता, उंची कापडाचा, आणि चेहरा रात्रभर जागल्यासारखा.

कोट आयरीनने घेतला. खुंटीवर अडकवताना बाहीच्या आत तिचं बोट कशाला तरी लागलं. किमतीची चिठ्ठी होती, दोऱ्यासकट, अस्तराला टाचणी लावून लपवलेली. आयरीनने ती पुन्हा आत सारली. मार्लीन तिच्याकडे बघत होती. 

*

जेवणाआधी बर्नार्डने अंड्याच्या फोडी केलेली ताटली हातात घेतली. दरवर्षीची रीत होती ती. प्रत्येकाने प्रत्येकापुढे ताटली धरायची, एक फोड घ्यायची आणि समोरच्याचं भलं चिंतायचं. बर्नार्डने सगळ्यांना आरोग्य मागितलं, जसं तो दरवर्षी मागायचा. लिओकाडियाने मुलापुढे ताटली धरली आणि म्हणाली, तुला शांत झोप लागो. यूजीन हसला. झोपायला वेळ कुणाला आहे, म्हणाला. मग त्याने एकेकाला सांगितलं की हे वर्ष आपलं आहे, फक्त मोठं मागायला शिका. क्लिफर्डने, म्हणजे आयरीनच्या नवऱ्याने, फोड घेतली आणि मान हलवली. 

जेवताना यूजीन बोलत राहिला. कोलंबसच्या हॉटेलात झालेल्या मेळाव्याबद्दल बोलला. तिथे एक जोडपं व्यासपीठावर आलं होतं, चार वर्षांपूर्वी मोटारीत झोपणारं, आणि आता तळं असलेल्या घरात राहणारं. तशाच एका घराचं रंगीत चित्र त्याने आपल्या फ्रिजवर चिकटवलं होतं. मुलं रोज सकाळी दूध काढताना ते बघतात, म्हणाला, म्हणजे ती लहान मनाची होणार नाहीत. लिओकाडियाने हॅम वाढलं, बीटची चटणी वाढली, पुन्हा हॅम वाढलं. वाढत राहिलं तर विषय निघणार नाही अशी तिला आशा होती.

बाबका, म्हणजे ईस्टरचा गोड पाव, कापायच्या आधीच यूजीनने पायाशी ठेवलेली चामड्याची बॅग उघडली.

त्याने सगळं नीट समजावून सांगितलं. तो चांगलं समजावायचा, लहानपणापासून. महिनाअखेरीपर्यंत बारा हजार डॉलरचा माल उचलला तर तो प्रादेशिक वितरक होणार होता. म्हणजे उत्तर ओहायोतल्या दर माणसाच्या खरेदीतला वाटा त्याला मिळणार. बँक कर्ज द्यायला तयार होती, फक्त तारण हवं होतं, आणि हे घर अठ्ठावन्न सालापासून कर्जातून मोकळं होतं. चौदा महिन्यांत तो ते सोडवून देणार होता. उद्या दहा वाजता बँकेत वेळ घेतली होती. कागदावर दोन सह्या हव्या होत्या, कारण घर दोघांच्या नावावर होतं. त्याने कागद ताटांच्या मधोमध ठेवला आणि खाली दोन रेघा दाखवल्या, एकीखाली बापाचं नाव टाइप केलेलं, दुसरीखाली आईचं.

आयरीनने ठरल्याप्रमाणे तोंड उघडलं. तिने आवाज चढवला नाही. आईबाबांचं वय बघ, म्हणाली, घर सोडून त्यांच्याकडे दुसरं काही नाही, आणि तुझा धंदा एवढा चांगला चालला आहे तर तुझंच घर गहाण का नाही ठेवत.

"माझं ठेवलंय आधीच," यूजीन म्हणाला. त्याला ते सांगायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं. मग तो भराभर पुढे बोलला, की हे असंच असतं, धंदा वाढताना पैसा अडकतोच, आणि या घरात नेहमी नकारघंटाच वाजवली जाते, म्हणूनच ग्रालाक पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या भोंग्यावर कामाला गेले. "क्लिफला विचार ना. क्लिफला विश्वास आहे. त्याने नोकरी सोडून दाखवली."

*

क्लिफर्ड हासने काट्याने ताटातला बटाटा एका कडेला नेला आणि परत आणला.

चौदा जानेवारीला त्याने काचेच्या कारखान्यात राजीनामा दिला होता. तेरा वर्षांची ज्येष्ठता होती त्याची. त्यानंतर अकरा आठवडे तो रोज पहाटे साडेपाचला आयरीनने भरलेला डबा घेऊन घरातून निघत होता आणि यूजीनच्या गॅरेजमध्ये जाऊन खोकी लावत होता. दुपारी लोकांची दारं ठोठावायचा. पहिला मोठा चेक आला की बायकोला सांगायचं असं त्याने ठरवलं होतं. चेक मोठा आलाच नव्हता. दर शुक्रवारी यूजीन त्याच्या हातात पाकीट ठेवायचा, कारखान्याच्या पगाराइतकंच, मोजून.

"कधी सोडलीस?" आयरीनने विचारलं.

"जानेवारीत."

"मग शुक्रवारचे पैसे?"

क्लिफर्डने यूजीनकडे पाहिलं. यूजीनने सांगितलं की ते त्यानेच दिले, स्वतःच्या खिशातून, कारण तो आपल्या माणसांना वाऱ्यावर सोडत नाही. हे त्याने मोठेपणाने सांगितलं नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं.

आयरीन उठली नाही, रडली नाही. टेबलावर ईस्टरसाठी लोण्याचं घडवलेलं कोकरू होतं, त्याकडे ती बघत राहिली. बर्नार्डने त्याचं डोकं आधीच कापून ब्रेडला लावलं होतं. रोज पहाटे पाचला उठून आपण डबा भरला, हे तिच्या मनात आलं. कागदात गुंडाळलेलं सँडविच, सफरचंद, थर्मास. मग कारखान्याचा आरोग्य विमा तिच्या मनात आला. मुलीला दम्याचा त्रास होता, फेब्रुवारीत दोन रात्री ती हॉस्पिटलात होती आणि बिल अजून आलं नव्हतं. मग शाळेच्या स्वयंपाकघरातला तिचा अर्ध्या दिवसाचा पगार. आणि शेवटी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली, ती इतकी साधी होती की तिला थंडी वाजली. भाऊ बुडाला तर येत्या शुक्रवारी पाकीट येणार नव्हतं.

तिने आईकडे पाहिलं नाही. "आई," ती म्हणाली, "करून टाक सही."

लिओकाडियाला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पाच मिनिटांपूर्वी हीच मुलगी तिच्या बाजूने बोलत होती. तिने विचारलं, तू काय म्हणालीस. आयरीनने तेच पुन्हा सांगितलं, आणि आता तिचा आवाज फाटला होता. ती म्हणाली की तिला दुसरं काही सुचत नाही. आता यातून माघारी फिरलो तर आम्ही उघडे पडतो, पुढे गेलो तर निदान काहीतरी होईल. यूजीनने बहिणीचा हात धरला आणि आयरीनने तो धरू दिला. गेल्या दोन वर्षांत ती त्याच्याशी धड बोलली नव्हती.

लिओकाडिया टेबलाच्या त्या बाजूला एकटी पडली. नवरा तिच्या शेजारीच बसला होता, पण तो ब्रेडला लोणी लावत होता. कडेपर्यंत, सगळीकडे सारखं, कारखान्यात काम करायचा तसं.

*

मार्लीन ठरवून आली होती की आज काही बोलायचं नाही. गाडीत येताना यूजीनने टेप लावली होती. त्यात एक माणूस खणखणीत आवाजात सांगत होता की यशस्वी माणसाची बायको त्याची पहिली प्रेक्षक असते. यूजीनने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. तेव्हा तिला त्याची दया आली होती, आणि दया आली की ती नेहमी गप्प बसायची.

पण आयरीनने हात दिलेला तिने पाहिला, आणि तिला राहवलं नाही. ती सासूकडे वळली. सोळा वर्षांत दोघींचं कधी फारसं जमलं नव्हतं. लिओकाडियाला वाटायचं की ही दुकानांत राहणारी पोरगी आहे, आणि मार्लीनला वाटायचं की या बाईला घरातली खुर्ची हललेलीसुद्धा खपत नाही.

"आई, तुम्ही सही करू नका," ती म्हणाली.

यूजीन म्हणाला, "मार्लीन, नको."

"आमच्या तळघरात पाय ठेवायला जागा नाही. माल खपत नाही, आई. वरचा दर्जा टिकवायला दर महिन्याला ठरावीक खरेदी लागते. ती झाली नाही की शेवटच्या आठवड्यात आम्हीच घेतो. मागच्या महिन्यात घेतला, त्याच्या मागच्या महिन्यात घेतला. खालची माणसंही तेच करतात. सगळे एकमेकांकडूनच घेतात. बाहेरचं गिऱ्हाईक असं कुणी नाहीच."

मग ती उठली, खुंटीवरचा कोट घेऊन आली आणि बाही उलटी केली. मंगळवारी हा परत दुकानात जाणार, म्हणाली. मागच्या मेळाव्याचाही असाच परत गेला होता. दुकानातली बाई आता तिला ओळखायला लागली होती. गाडी भाड्याची होती, तीन महिन्यांचं भाडं थकलं होतं, आणि कंपनीचे वरचे लोक सांगायचे की श्रीमंत दिसलात तरच लोक तुमच्या मागे येतील. हे सगळं तिने हळू आवाजात सांगितलं, दुसऱ्या कुणाच्या घरातली हकीकत सांगावी तसं. शेवटी तिने क्लिफर्डकडे पाहिलं. "तुझं पाकीटसुद्धा कर्जातलं होतं, क्लिफ. मी मोजून भरत होते. मला तेव्हाच सांगायला हवं होतं."

यूजीन चिडेल असं सगळ्यांना वाटलं. तो चिडला नाही. कॉलरवरचा बिल्ला त्याने बोटाने सरळ केला आणि म्हणाला की हे सगळं खरं आहे, म्हणूनच तर कागद हवा आहे. एक पायरी वर गेलं की माल आपल्याला घ्यावाच लागत नाही, खालचे घेतात. आता थांबलं तर तळघरातला साबण नुसता साबण उरेल.

 मग तो फक्त बापाकडे बघून बोलला.

"मी अकरा वर्षं त्या ऑफिसात तिसऱ्या टेबलावर बसलो, बाबा. साहेब मला शेवटपर्यंत यूस्टेस म्हणायचा. मी दुरुस्त करणं सोडून दिलं होतं. कोलंबसला माझं नाव पुकारलं तेव्हा चौदाशे माणसं उभी राहिली. माझ्यासाठी. तुमच्यासाठी कधी एक तरी माणूस उभा राहिला?"

"यूजीन," लिओकाडिया म्हणाली.

बर्नार्डने सुरी ताटाच्या कडेला ठेवली. हातरुमालाने एकेक बोट पुसलं. मग हात पुढे करून म्हणाला, "पेन दे."

*

त्याने वाचलं नाही. पहिल्या रेघेवर नाव लिहिलं, सावकाश, अक्षर ओळीवर बसेल असं, आणि कागद बायकोपुढे सरकवला.

लिओकाडिया म्हणाली, तू ऐकलंस ना मार्लीन काय म्हणाली ते. तो म्हणाला, ऐकलं. मग तिने विचारलं की तरी तू सही करतोस. तो म्हणाला, हो. तिला वाटलं याला घाई झाली असेल, किंवा मुलाचे शब्द लागले असतील. तिने कागदावर हात ठेवला आणि सांगितलं की घर गेलं तर आपण दोघं कुठे जायचं, या वयात, कुणाच्या माजघरात.

तेव्हा बर्नार्ड बोलला. त्याला बोलायची सवय नव्हती, त्यामुळे मधेमधे थांबत बोलला.

"शेहेचाळीस साली ऑटो लेंट्झ माझ्याकडे आला होता. आठवतं? खिळे, रंग, अवजारांचं दुकान काढायचं म्हणाला, अर्धी भागी. नऊशे डॉलर मागत होता. आपल्याकडे तेराशे होते."

लिओकाडियाला आठवत होतं.

"तू नको म्हणालीस. मी नाही म्हणून सांगितलं त्याला. आता त्याची तीन दुकानं आहेत. मी कामावर जाताना पहिल्या दुकानासमोरून बस जायची. तेवीस वर्षं मी त्या बाजूच्या खिडकीशी बसलो नाही."

 मुलांनी यातलं काही कधी ऐकलं नव्हतं. यूजीन बापाकडे असा बघत होता, जणू या घरात हा माणूस त्याला आजच भेटला होता.

"मी तुला दोष देत नाही," बर्नार्ड म्हणाला. "हा साबण विकला जाणार नाही, मला कळतं. मी मूर्ख नाही. पण एकदा तरी कुणी विचारल्यावर मला हो म्हणायचं होतं."

लिओकाडियाने हाताखालच्या कागदाकडे पाहिलं. तिचं नाव तिथे टाइप केलेलं होतं आणि वर रेघ कोरी होती. आता नाही म्हणणं म्हणजे मुलाला नाही म्हणणं राहिलं नव्हतं. बायको म्हणून एक्केचाळीस वर्षं तिने या माणसाच्या मोज्यांना रफू केलं होतं, त्याच्या खोकल्यावरून हवा ओळखली होती, आणि त्या बसच्या खिडकीबद्दल तिला काही ठाऊक नव्हतं. सही करावी असं तिला खरोखर वाटलं. एकदाचं याचं देणं फिटेल. तिने पेन उचललंसुद्धा.

मग तिला वरच्या मजल्यावर मुलांच्या पळण्याचा आवाज आला. अंडी शोधता शोधता ती मागच्या जिन्याने घरात शिरली होती. मार्लीनची दोन आणि आयरीनची एक. पळून पळून आयरीनच्या मुलीला धाप लागली होती आणि ती खालीच, जिन्याचं दार धरून खोकत होती.

लिओकाडियाने पेन ठेवलं. टोपण लावून ठेवलं.

"तू हो म्हणालास," ती नवऱ्याला म्हणाली. "ते मी खोडत नाही. राहू दे तुझी सही. मी नाही म्हणते."

"आई," आयरीन म्हणाली.

"तुम्हा दोघा भावंडांना राहायला जागा लागली तर ती असायला हवी ना? म्हणून नाही म्हणते." मग मार्लीनकडे बघून, "आणि तुलाही."

यूजीनने थोडा वेळ वाट पाहिली. त्याला वाटलं असावं की बाबा तिला समजावतील. बर्नार्डने पुन्हा सुरी उचलली. त्याला जे म्हणायचं होतं ते त्याचं म्हणून झालं होतं. शेवटी यूजीनने कागद उचलला. बँकेच्या दृष्टीने आता त्याला काही किंमत नव्हती. फाडून टाकेल असं मार्लीनला वाटलं, पण त्याने बापाच्या सहीवरची शाई फुंकर मारून वाळवली, कागदाची नीट घडी केली आणि आतल्या खिशात ठेवला. मग तो मार्लीनला म्हणाला, येतेस? ती म्हणाली, मुलं अजून जेवली नाहीत. तो मान हलवून गेला. झिलिन्स्की अजून व्हरांड्यात होते. त्याने त्यांना हात केला.

क्लिफर्ड त्याच्या मागे पायरीपर्यंत गेला. गाडी सुरू झाली, वळणावर दिसेनाशी झाली, तरी तो तिथेच उभा राहिला. आयरीनने त्याला हाक मारली नाही. शेवटी थंडी वाजायला लागली म्हणून तो कोट घ्यायला आत आला, तर कोट तिच्या हातात होता.

तिने विचारलं की कारखान्याच्या फाटकावरचा सुपरवायझर अजून तोच आहे का, ओब्रायन. तो म्हणाला, तोच आहे, पण आता नव्याने घेतलं तरी अगदी तळापासून सुरुवात, रात्रपाळी, भट्टीजवळ. आयरीन म्हणाली, उद्या सहाला उठायचं. "मी येणार तुझ्याबरोबर. फाटकापर्यंत. आतमध्ये तू गेलेला मला बघायचाय."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर मंगळवारी दुसरं फाटक." तिने कोट त्याच्या हातात दिला, अंगावर चढवून दिला नाही. मग भावाचा हात आपण धरू दिला होता हे तिला आठवलं आणि ती तोंड धुवायला आत गेली.

स्वयंपाकघरात मार्लीन भांडी घासत होती. लिओकाडियाने शेजारी उभं राहून पुसायला घेतली. वरच्या खोलीतल्या पलंगाची गादी उन्हात टाकावी लागेल, एवढंच ती म्हणाली, आणि मुलांच्या शाळेला इथून बस मिळते. मार्लीनने विचारलं की तो एकटा घरी काय करेल.  तो रात्री जेवायला येईल, असं लिओकाडिया म्हणाली, आणि आला नाही तर उद्या आपण डबा घेऊन जाऊ. मग तिने सुनेच्या हातातली परात घेतली, कारण ती कधीची तीच परात घासत होती.

तीन वाजता बर्नार्ड मागच्या पायरीवर जाऊन बसला. लिओकाडिया हात पुसत दारात आली. त्याने मागे वळून पाहिलं नाही. अंगणात गवतावर अंड्यांची रंगीत टरफलं पडली होती. ती तिथेच उभी राहिली. बसायला त्याने सांगितलं नव्हतं.

"चाललं असतं का गं?" त्याने विचारलं. "ते दुकान. आपल्या हातून?"

कुणास ठाऊक, असं तिला म्हणता आलं असतं. ते सोपं होतं.

"चाललं असतं," ती म्हणाली. "तुला लोकांशी अवजारांबद्दल बोलता येतं. फक्त तेवढंच येतं, पण ते येतं. आणि वह्या मी सांभाळल्या असत्या. चांगलं चाललं असतं."

"मग?"

"घाबरले होते. संप नुकताच मिटला होता, दोन मुलं होती. मला वाटलं पैसे गेले तर तू माझ्याकडे बघणार नाहीस."

त्याने पायाजवळचं एक टरफल उचललं.

"आज?"

"आजही घाबरूनच म्हटलं. तेव्हा चुकलं. आज चुकलं नाही." ती थांबली. "पण तू ते समजशील असं नाही, हे मला माहीत आहे."

वरून मुलांचा आवाज येत होता. मार्लीन त्यांना कुणाचं अंडं कुणी घेतलं त्याचा निवाडा करून देत होती.

"सव्वीस वर्षांत हे एकदाही बोलली नाहीस," बर्नार्ड म्हणाला.

"तू विचारलं नाहीस."

तो पायरीवर थोडा बाजूला सरकला. लिओकाडिया खाली बसली.